चांगला निघालेला लॉट होल्डवर गेला: वाळूजमधल्या एका संरक्षण पुरवठादाराचं प्रकरण

कंपनीची ओळख पटू नये म्हणून उत्पादनाचं नाव, पदनामं आणि कंपनीअंतर्गत आकडे बदलले आहेत. तांत्रिक कारणं आणि निर्णयांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतली ही मध्यम आकाराची मशीनिंग कंपनी. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाल्यावर पुरवठादारांची जी फळी उभी राहिली, तिच्यातलीच एक. दुचाकीचे भाग हा जुना धंदा. संरक्षणाचं काम नंतर आलं: लष्करी इलेक्ट्रॉनिक्स ज्यात बसतं ती अॅल्युमिनियमची हाउसिंग. ऑर्डर थेट सैन्याकडून येत नाही, मधल्या मोठ्या ग्राहक कंपनीकडून येते.

एकाच शेडमध्ये दोन जगं आहेत. दुचाकीच्या लाइनवर कायझेनचे (कामगारांनी सुचवलेल्या छोट्या सुधारणांचे) बोर्ड, आधीचे-नंतरचे फोटो, महिन्याचं बक्षीस. जाळीच्या दारापलीकडे संरक्षण विभाग. तिथे मोबाइल गेटवरच जमा, ऑपरेटरला फक्त त्याच्या ऑपरेशनपुरती शीट, आणि प्रत्येक प्रोसेस शीटवर ‘फ्रोझन’चा, म्हणजे बदल बंद असा, शिक्का. ड्रॉइंगवर अखेरचा अधिकार ज्या संस्थेकडे असतो तिला एएचएसपी म्हणतात. तिच्या मंजुरीशिवाय पुरवठादाराला कोपऱ्याची एक त्रिज्याही बदलता येत नाही. कंपनीकडे विमान आणि संरक्षण पुरवठादारांसाठीचं एएस ९१०० हे गुणवत्ता प्रमाणपत्र होतं आणि कागदपत्रं नीट होती. ‘नवं काहीतरी करा’ असं मालक दर बैठकीत सांगत, पण संरक्षण विभागातल्या सूचनापेटीत वर्षभर एकही चिठ्ठी पडली नव्हती.

अडचण

हाउसिंगची लांबी २०० मिमी, भिंतीची जाडी २.५ मिमी, आणि झाकण बसतं त्या तोंडाची सपाटी ०.०५ मिमीच्या आत हवी. माल ६०६१-टी६ या उष्णता-प्रक्रिया केलेल्या अॅल्युमिनियम मिश्रधातूची जाड प्लेट. उष्णता-प्रक्रियेत पाण्यात थंड करताना या प्लेटमध्ये ताण अडकून राहतो. प्लेटचा मोठा भाग पोखरून काढला की उरलेल्या पातळ भिंतीत तो ताण नव्याने वाटला जातो. जॉब पकडीत असेपर्यंत सपाट दिसतो आणि क्लॅम्प सोडला की वाकतो. मूळ प्रोसेस शीटमध्ये रफिंग (सुरुवातीची जाड कापणी) आणि फिनिशिंग (शेवटची बारीक कापणी) एकाच पकडीत होतं. ठरावीक अंतराने काही जॉब सपाटीत बाद होत आणि ‘मालच तसा आहे’ म्हणून विषय मिटत असे.

ग्राहकाच्या प्रोसेस ऑडिटमध्ये प्रकरण उघडं पडलं. रफिंग झाल्यावर ऑपरेटर जॉब पूर्ण सोडतो, काही वेळ तसाच ठेवतो, मग कमी टॉर्कने पुन्हा पकडून शेवटचा एक मिमी काढतो, हे ऑडिटरने पाहिलं. शीटमध्ये ही पायरी नव्हती. ऑडिटरने लॉट तिथल्या तिथे होल्डवर टाकला.

मोजमाप केल्यावर कळलं की हा लॉट आधीच्या लॉटपेक्षा चांगला होता. पातळ भिंतीच्या अॅल्युमिनियमसाठी मधे ताण मोकळा करणं ही जगभर रुळलेली पद्धत आहे, ऑपरेटरने अनुभवाने तीच गाठली होती. विचारलं तेव्हा तो म्हणाला, “शीटप्रमाणं केलं तर जॉब वाकतो साहेब, आणि वाकला की रिजेक्शन माझ्याच नावावर चढतं.” रात्रपाळीत हे कित्येक महिने चाललं होतं. सेटरला माहीत होतं. सुपरवायझरला माहीत होतं आणि नव्हतंही.

हे त्याने आधी का सांगितलं नाही, याचं उत्तर जुन्या फाइलींमध्ये सापडलं. दुसऱ्या एका ऑपरेटरने पूर्वी अशीच एक सूचना लिहून दिली होती. ती गुणवत्ता विभागात गेली आणि तिला होकारही मिळाला नाही, नकारही नाही. आणखी एकाने टूल बदलून पाहिलं म्हणून त्याला मेमो मिळाला होता. या दोन्ही गोष्टी फ्लोअरवर सगळ्यांना ठाऊक होत्या. सांगितलं तर उत्तर येत नाही, करताना सापडलो तर मेमो, आणि गुपचूप केलं तर रिजेक्शन कमी. माणसं तिसरा रस्ता धरणार हे उघड आहे. थोडक्यात, इथे कल्पनांचा तुटवडा नव्हता, त्या लपवल्या जात होत्या. संरक्षणाच्या कामात लपवलेली सुधारणा धोक्याचीच असते. पुढे एखादा भाग बिघडला, तर तो नेमका कसा बनला हे कागदावरून शोधता आलं पाहिजे, आणि इथे कागद खोटा ठरला होता.

पहिला निर्णय: मेमो द्यायचा की नाही

मेमो टाइप होऊन सहीसाठी आला होता. गुणवत्ता प्रमुखाचा आग्रह होता की दिलाच पाहिजे. त्याची बाजू खोटी नव्हती, कारण अनुरूपतेच्या दाखल्यावर सही त्याची असते. मालकाने मेमो थांबवला. त्यामागे दयेपेक्षा हिशेब जास्त होता. असं आणखी काय काय चाललंय हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि मेमो निघाला असता तर बाकीचं आणखी खोल गेलं असतं.

ग्राहकाला मात्र सगळं लेखी कळवलं: काय बदललं, कुणाच्या परवानगीशिवाय बदललं, कधीपासून. लॉटमधला प्रत्येक जॉब सीएमएमवर (अचूक मोजमापाच्या यंत्रावर) मोकळ्या स्थितीत मोजून कन्सेशनचा, म्हणजे शीटपेक्षा वेगळा बनलेला माल स्वीकारण्याच्या खास परवानगीचा, अर्ज केला. ग्राहकाने लॉट स्वीकारला, पण आधी गेलेल्या लॉटचीही माहिती मागितली. त्या पत्रव्यवहारात बरेच आठवडे गेले. काही अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं की ऑडिटरने पाहिलं तेवढंच कबूल करावं. तसं केलं असतं आणि पुढे जुना लॉट उघडा पडला असता, तर ग्राहक टिकला नसता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय दुचाकी लाइनची कायझेन योजना जशीच्या तशी आणण्याचा होता. फॉर्म तयार, बक्षिसाचा दर ठरलेला, आठवड्यात सुरू करता येणारी. पण तिथेही ‘दर माणशी महिन्याला एक’ या लक्ष्यापायी झाडू टांगायला खिळा, ट्रॉलीला रंग अशा कायझेनचा ढीग साचला होता. शिवाय संरक्षण विभागात कल्पना सुचण्यापाशी अडत नव्हती, मंजुरीपाशी अडत होती. त्या दाराशी आणखी फॉर्म नेऊन टाकले तर नाराजीच वाढली असती.

दुसरा पर्याय स्वतंत्र संशोधन विभागाचा. चार-पाच अभियंते घ्यायचे आणि पुढे डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची) मान्यता मिळवायची. ग्राहकापुढे मांडायला चांगलं. अडचण अशी की पुण्याहून आणलेला अनुभवी माणूस वाळूजला टिकवणं महाग पडतं, आणि इथे तयार केलेला पुण्याला जातो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्ञान मशीनपाशी होतं आणि विभाग वरच्या मजल्यावर बसला असता.

तिसरा संरक्षण मंत्रालयाच्या आयडेक्स योजनेचा. एप्रिल २०१८ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत सैन्यदलं आपल्या अडचणी आव्हान म्हणून जाहीर करतात, आणि निवड झालेल्या स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला नेहमीच्या आव्हानांत दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान टप्प्याटप्प्याने मिळू शकतं. उद्योगालाही आपला वाटा घालावा लागतो. शहरातल्या इन्क्युबेटरशी बोलणी झाली. कंपनीने तो पर्याय बाजूला ठेवला. खेळतं भांडवल अडकलं असतं हे एक कारण. दुसरं असं की फ्लोअरवरचा साधा बदल ज्यांना कागदावर पकडता येत नाही, ते नव्या प्रोटोटाइपचे टप्पे कसे दाखवणार? आमच्या मते हा निर्णय बरोबर होता. अनुदान आलं की संस्कृती आपोआप येते हा समज इथल्या बऱ्याच उद्योगांना महागात पडतो.

चौथा पर्याय दिसायला सर्वांत कंटाळवाणा होता. काय बदलायची मुभा आहे, ती कुणी द्यायची आणि किती दिवसांत द्यायची, हे आधी ठरवायचं. कंपनीने तो निवडला.

काय केलं

सुरुवात ‘उघड करा’ पंधरवड्याने झाली. शीटपेक्षा वेगळं जे काही करता ते सांगा, कारवाई होणार नाही, असं मालकाच्या सहीचं पत्र प्रत्येक पाळीत वाचून दाखवलं. पहिले काही दिवस काहीच आलं नाही. मग होल्डवर गेलेल्या लॉटचा तोच ऑपरेटर सुधारित प्रोसेस शीटच्या बैठकीत टेबलाशी बसलेला सगळ्यांनी पाहिला, आणि चिठ्ठ्या येऊ लागल्या. पंधरवड्याअखेर चाळीसच्या आसपास जमल्या. गंगापूर, पैठण, वैजापूरकडून येणाऱ्या बऱ्याच जणांना लिहिण्यापेक्षा सांगणं सोपं होतं, म्हणून टूल क्रिब (हत्यारांची खोली) सांभाळणाऱ्या माणसाला ऐकून लिहून घ्यायचं काम दिलं. मोबाइल बंद असल्याने फोटोसाठी कंपनीचा एक कॅमेरा स्टोअरमध्ये नोंदवहीवर ठेवला. त्यातली चित्रं नेटवर्कला न जोडलेल्या एकाच संगणकावर उतरतात.

चिठ्ठ्यांमधला एक नमुना मराठवाड्याच्या उन्हाळ्याचा आहे. मे महिन्यात शेडमध्ये ३८ अंश असतात आणि सीएमएमच्या खोलीत २०. अॅल्युमिनियम मीटरमागे दर अंशाला साधारण २३ मायक्रॉन वाढतं. म्हणजे २०० मिमीचा जॉब शेडमधून उचलून लगेच मोजला, तर ०.०८ मिमी मोठा दिसतो. इन्स्पेक्टर मंडळी जॉब चार तास खोलीत निववून मग मोजत, पण शीटमध्ये ते नसल्याने घाईच्या दिवशी कुणी निववत नसे. उन्हाळ्यात लांबीची रिजेक्शन का वाढतात याचा उलगडा इथे झाला.

मग सूचनांची हिरवा, पिवळा आणि लाल अशा तीन रंगांत वर्गवारी झाली. हिरव्यात फिक्स्चर, ट्रे, हाताळणी, ऑपरेशनांमधलं पॅकिंग अशा गोष्टी: भाग बदलत नाही, शीटही बदलत नाही. यावर सुपरवायझरने दोन दिवसांत निर्णय द्यायचा. पिवळ्यात शीट बदलते पण ड्रॉइंगची प्रत्येक अट तशीच राहते. इथे चाचणी, मग बदललेल्या पायरीपुरती पहिल्या नगाची तपासणी, आणि ग्राहकाला सूचना. लाल म्हणजे ड्रॉइंग, माल, उष्णता-प्रक्रिया, लेपन, सीलंट. हे कंपनीने ठरवायचंच नाही. पुराव्यासकट जमवायचं आणि दर तिमाहीला ग्राहकामार्फत एएचएसपीकडे पाठवायचं. प्लेट टी६ ऐवजी ताणून ताण काढलेल्या टी६५१ मध्ये मागवावी, ही सूचना आली ती थेट लालमध्ये गेली. तांत्रिकदृष्ट्या रोगाचं मूळ तिथेच आहे, पण ड्रॉइंगवर टी६ लिहिलेलं आहे.

दुसरा अवघड निर्णय पिवळ्याच्या मुदतीचा. दहा कामाच्या दिवसांत गुणवत्ता विभागाचं उत्तर आलं नाही तर सूचना मंजूर धरावी, असं उत्पादन विभागाचं म्हणणं होतं. ते फेटाळलं, आणि योग्यच केलं. संरक्षणाच्या कामात मौनाचा अर्थ होकार धरला तर एक दिवस चुकीची गोष्ट केवळ कुणी रजेवर होतं म्हणून लागू होईल. त्याऐवजी अकराव्या दिवशी सूचना थेट संचालकांच्या टेबलावर जाते आणि नकाराचं कारण लेखी द्यावं लागतं. गुणवत्ता प्रमुखाचा नकाराधिकार कायम राहिला. गप्प बसण्याची सोय तेवढी गेली.

चाचणीसाठी एक जुनं व्हीएमसी (संगणकाने चालणारं मिलिंग मशीन) आठवड्यातून एक पाळी राखून ठेवलं. ग्राहकाने दिलेला माल चाचणीत वापरता येत नाही, कारण त्याचा हीट नंबरनिहाय (धातू ओतल्याच्या बॅचनुसार) हिशेब द्यावा लागतो. म्हणून त्याच ग्रेडची प्लेट स्वतःच्या पैशाने घेतली. चाचणीचा प्रत्येक तुकडा कापतानाच एका बाजूने लाल रंगवायचा आणि चाचणी संपली की करवतीने दोन तुकडे करून भंगारात टाकायचा. ही शिस्त जाचक वाटते, पण चाचणीचा एक नग चुकून लॉटमध्ये मिसळला तर सगळी योजना त्याच दिवशी बंद पडेल.

आधी ५ नग, ते जमले तर ३० नग आणि सीपीके (नग मर्यादेच्या आत किती सातत्याने बसतात याचा आकडा) १.३३ च्या वर. इथे एक मजेशीर अडथळा आला. दोन पकडींच्या पद्धतीचे नग सपाटीत चांगले असूनही सीपीके कमी येत होता. दुचाकी लाइनच्या एक्सेल शीटमध्ये शून्य ही खालची मर्यादा म्हणून भरलेली होती. सपाटीला खालची मर्यादा नसते. जॉब जितका शून्याच्या जवळ, तितका तो त्या शीटला वाईट वाटत होता. वरच्या मर्यादेपुरताच हिशेब केल्यावर आकडा जागेवर आला.

आणखी एक गोष्ट केली आणि तिचा परिणाम अपेक्षेपेक्षा जास्त झाला. यंत्रणा कोणती हे सांगता येत नव्हतं, पण भागातल्या प्रत्येक जागेचं काम सांगायला ग्राहकाने लेखी संमती दिली. “या खोबणीत ओ-रिंग बसते, इथला आडवा ओरखडा म्हणजे पाणी आत जायला वाट” एवढं ऑपरेशन शीटवर आलं. त्यानंतर सूचनांचा दर्जा बदलला. डीबरिंग टेबलावरच्या, म्हणजे कडांवरची बारीक खरखर काढणाऱ्या, माणसांनी खोबणीची कड वर येईल असा ट्रे मागितला, कारण जॉब एकमेकांवर ठेवताना ओरखडे कुठून येतात हे त्यांना आता दिसत होतं.

बक्षीस संख्येवर ठेवलं नाही. सुधारित शीटच्या अंतर्गत प्रतीवर सुचवणाऱ्याचं नाव छापलं जातं, आणि बचत मोजता आली तर एकरकमी रक्कम मिळते.

निष्पत्ती

सपाटीची रिजेक्शन जवळपास थांबली. त्यापेक्षा उपयोगाची ठरली ती एक हिरवी सूचना. हेलिकॉइल (स्क्रूसाठी छिद्रात बसवायची तारेची गुंडाळी) बसवल्यावर तिची शेपटी तोडावी लागते, आणि बंद छिद्रात ती तुटून राहिली तर पुढे सर्किटवर पडू शकते. स्टेनलेस स्टीलची असल्याने चुंबकावर भरवसा ठेवता येत नाही. एका कामगाराने हाउसिंगमध्ये जितकी हेलिकॉइल तितक्या खळग्यांचा ट्रे करून घेतला. तोडलेली प्रत्येक शेपटी एका खळग्यात ठेवायची, आणि खळगा रिकामा असेल तर जॉब पुढे सरकत नाही. खर्च नगण्य. ग्राहकाने ही पद्धत दुसऱ्या पुरवठादारांनाही दाखवली.

एक हिरवी सूचना मात्र अंगाशी आली. डीबरिंगनंतर तेल पुसायला वापरायचं द्रव मंद होतं, म्हणून दुसरं, जास्त कडक क्लीनर वापरायची सूचना आली. ‘हाताळणी’ म्हणून ती हिरव्यात मंजूर झाली. ते क्लीनर तीव्र अल्कलीचं होतं. असं द्रव अॅल्युमिनियमचा पृष्ठभाग खातं आणि वर काळसर थर ठेवतं. पुढे गंजरोधक क्रोमेटचा थर डागाळलेला आला, आणि मिल-डीटीएल-५५४१ या अमेरिकी लष्करी मानकाप्रमाणे १६८ तासांच्या मिठाच्या फवाऱ्यात नमुने टिकले नाहीत. माल कारखान्यातच सापडला, पण दोन बॅचचं लेपन काढून पुन्हा करावं लागलं. यातून नियम आला: भागाला ओलं करणारं काहीही हिरवं नाही. सूचना देणाऱ्याला दोष दिला नाही, चूक वर्गवारीची होती. त्या आठवड्यात सूचना थांबतील अशी भीती होती, त्या कमी झाल्या पण थांबल्या नाहीत.

लाल गठ्ठ्याचं चित्र वेगळं. पहिल्या गठ्ठ्यातल्या बहुतेक सूचना हे लिहिताना अजून निर्णयाच्या प्रतीक्षेत आहेत, टी६५१ चीही. कंपनी दर महिन्याला ‘पाठवलं, उत्तर नाही’ अशी स्थिती बोर्डवर लावते. ती वाचून काही जण वैतागतात, पण सूचना कुठे अडकली आहे हे तरी कळतं.

वेगळं काय करता आलं असतं

सुपरवायझरांना फार उशिरा विश्वासात घेतलं. ‘उघड करा’चं पत्र त्यांनी कामगारांबरोबरच ऐकलं, आणि जे पाहूनही न पाहिल्यासारखं केलं होतं ते चिठ्ठ्यांमधून वर जाणार हे त्यांना त्याच क्षणी कळलं. दोघांनी आपल्या पाळीतल्या चिठ्ठ्या चक्क अडवल्या. त्यांच्यासाठी वेगळी बैठक एक आठवडा आधी व्हायला हवी होती, आणि कारवाई न करण्याच्या पत्रात त्यांचाही उल्लेख हवा होता.

वर्गवारी करताना लेपन करणारा बाहेरचा ठेकेदार टेबलावर नव्हता. तो असता तर क्लीनरचा धोका त्याने पहिल्याच वाक्यात सांगितला असता.

लाल सूचना ग्राहकाकडे पाठवण्याआधी त्याच्या डिझाइन विभागातल्या माणसाला फ्लोअरवर बोलवायला हवं होतं. कागदावर ‘जॉब वाकतो’ वाचणं आणि क्लॅम्प सैल करताना डायलचा काटा सरकताना पाहणं, यात फरक पडतो. ही भेट दुसऱ्या गठ्ठ्याच्या वेळी झाली आणि त्या गठ्ठ्यावर प्रश्न विचारणारी पत्रं तरी आली.

कंत्राटी कामगारांचा प्रश्न अर्धाच सुटला आहे. पत्र कंपनीचं होतं, पण त्यांचा मेमो ठेकेदार काढतो, आणि ठेकेदाराला त्या पत्राचं बंधन नव्हतं. पहिल्या पंधरवड्यात त्यांच्याकडून आलेल्या चिठ्ठ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, जरी डीबरिंग आणि पॅकिंगचं बहुतेक काम तेच करतात. ठेकेदाराच्या नूतनीकरणाच्या करारात आता हे कलम घातलं आहे. बक्षिसाची रक्कम ठेकेदारामार्फत न जाता थेट कामगाराच्या खात्यात जावी, यावर बोलणी सुरू आहेत.